उतार आणि अर्ज

विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्येस व्हर्नन नावाची जी डोंगराळ काउंटी आहे, तिच्यात भूमिसंधारणाच्या कामावर माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली, आणि त्या सर्व काळात कचेरीच्या दारातून आत येणाऱ्या शेतकऱ्याचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असे : "आमच्यासाठी सरकारची कोणती योजना आहे?" प्रश्न साधा होता, विचारणाराचा हेतूही सरळ होता, परंतु त्याला तत्काळ उत्तर न देता "तुमच्या जमिनीवर कधी येऊ?" असे उलट विचारण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली. योजना पुष्कळ होत्या, त्यांची नावे मला मुखोद्गत होती, आणि एखादे नाव सांगून कागद पुढे सरकवणे काही कठीण नव्हते. मात्र योजना हातात धरून जी माणसे तिला साजेशी जमीन शोधू लागतात त्यांच्या पदरी बहुधा निराशा येते, आणि जी आधी आपल्या रानातले पाणी कोठून येते व कोठे जाते ते पाहतात त्यांना योजना आपोआप सापडते, अशी माझी खात्री वर्षागणिक दृढ होत गेली.

त्या मुलखाची घडणच अशी आहे की तो पाहिल्यावाचून त्याविषयी काही ठरवता येत नाही. हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या हिमनद्यांनी आसपासचा विस्तीर्ण प्रदेश घासून सपाट केला. या भागाला मात्र त्या वळसा घालून गेल्या, आणि म्हणून येथे डोंगरांच्या अरुंद धारा, त्यांच्या कुशीतील तीव्र उतार व तळाशी थंड पाण्याचे ओढे अशी पुरातन भूमिरचना अद्यापि शाबूत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नॉर्वेहून आलेल्या कुटुंबांनी धारांवर गहू पेरला, पुढे दुभती गुरे बांधली, तंबाखू लावली, झाडीच्या उतारांवर गुरे मोकळी सोडली. आणि नांगर उताराला धरूनच चालवला. दोन-तीन पिढ्यांच्या आत घळी पडल्या, माती ओढ्यांत उतरली आणि खालची सुपीक कुरणे वरच्या गाळाखाली गाडली गेली. १९३३ साली ह्यू हॅमंड बेनेट यांच्या नेतृत्वाखाली मृदाधूप निवारणाचे जे नवे खाते निघाले, त्याने संपूर्ण पाणलोट एक मानून काम करण्याच्या प्रयोगासाठी देशात पहिली निवड केली ती याच भागातील कून क्रीकच्या खोऱ्याची.

त्या प्रयोगातील करारनामा मला आजही आदर्श वाटतो, कारण त्यात दोन्ही पक्षांनी काय द्यावयाचे ते स्वच्छ लिहिलेले होते. मुदत पाच वर्षांची. सरकारने बियाणे, चुना, खत, कुंपणाची तार आणि बेकारीच्या त्या दिवसांत उभारलेल्या सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरमधील तरुणांचे श्रम द्यावेत. शेतकऱ्याने समपातळीने नांगरावे, मका, धान्य व गवत यांचे आलटून पालटून पट्टे करावेत आणि उतारावरची झाडी गुरांना बंद करावी. खोऱ्यातील शेकडो शेतकऱ्यांनी त्यावर सह्या केल्या. विस्कॉन्सिन विद्यापीठातील आल्डो लिओपोल्ड यांनी १९३५ साली त्याविषयी लेख लिहिला, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये झालेल्या कायद्याने मृदासंधारण हे अमेरिकेच्या कृषिखात्याचे कायमचे कर्तव्य ठरले. पुढे स्टॅन्ली ट्रिंबल या भूगोलशास्त्रज्ञाने कित्येक वर्षे त्याच खोऱ्यातील गाळ मोजून दाखवून दिले की, १९३०च्या सुमारास ज्या वेगाने तो साचत होता त्याच्या मानाने शतकाच्या अखेरीस तो वेग अत्यंत मंदावला होता.

मी स्वतः सोलापूर जिल्ह्यातील कोरडवाहू मुलखातला. मुंबई इलाख्यात १९४२ साली भूमिसुधार योजनांचा कायदा झाल्यानंतर बांधबंदिस्तीची जी मोठी कामे निघाली, त्यांचे बांध आमच्या शिवारात होते, आणि ते कोणी घातले, कोणाच्या रानातून गेले व कोणाला रुचले नाहीत याच्या हकिकती वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतच मी वाढलो. सरकारने घातलेल्या बांधाची डागडुजी शेतकऱ्याने करावयाची की सरकारने, हा वाद आमच्या चावडीवर कधी मिटला नाही. त्यामुळे कून क्रीकचे करारनामे प्रथम वाचले तेव्हा माझे लक्ष अन्य कशाहीपेक्षा सहीच्या जागेकडे गेले : शेतकऱ्याची संमती ही तेथे कामाची पहिली पायरी होती.

त्यानंतरच्या काळात या साहाय्याचा जो पसारा वाढला तो थोडक्यात सांगणेच बरे. धूपप्रवण जमीन दहा ते पंधरा वर्षे पिकाखालून काढून गवताखाली ठेवल्याबद्दल वार्षिक खंड देणारी राखीव जमिनीची योजना १९८५ सालची; शेतावरील संधारणाच्या कामांचा मोठा वाटा उचलणारी, जिला सगळे 'इक्विप' म्हणतात ती, १९९६ सालची; चांगली निगा राखणाऱ्याला पाच वर्षांच्या कराराने मोबदला देणारी तिच्या मागाहूनची; आणि राज्य सरकारची शेतजमीन टिकवणाऱ्यास करात सूट देणारी त्यांच्याही आधीची, १९७७ सालची. मध्यवर्ती सरकारची दोन खाती, त्यांतील एक जमिनीच्या नोंदी, अनुदाने व कर्जे सांभाळणारे व दुसरे संधारणाची आखणी करणारे, आणि काउंटीचे स्वतःचे भूमिसंधारण खाते, अशी तिन्ही दफ्तरे शेजारी-शेजारी असत. यांपैकी पहिल्या खात्यावर शेतकऱ्यांनी आपल्यातून निवडून दिलेली समिती असते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. परंतु नवख्या माणसाला कोणते दार कशासाठी आहे याचा उलगडा त्यामुळे होत नाही. ते उलगडून सांगणे हेच माझे काम होते.

एक तरुण जोडपे आले होते. धारेवरची थोडी जमीन त्यांनी खंडाने घेतली होती. गाईंचे लहानसे खिल्लार होते. गवताच्या लहान लहान वाड्या करून गुरे फिरती चारावीत असा त्यांचा मनोदय होता, आणि तारेच्या कुंपणाला अनुदान मिळते एवढे त्यांनी कोठेतरी ऐकले होते. मी त्यांच्या रानात गेलो. पाणी पिण्याची जागा एकटीच, अगदी तळाशी ओढ्यावर. गाई सकाळ-संध्याकाळ एकाच वाटेने उतरत आणि चढत. आणि त्या वाटेची आता कमरेइतकी खोल घळ झाली होती. कुंपण हवेच होते, परंतु त्याच्या आधी पाणी वर आणणे आवश्यक होते, कारण प्रत्येक वाडीत पाण्याचे टाके नसेल तर कुंपणाच्या किती वाड्या केल्या तरी गाई त्याच घळीतून जाणार. पाणी वर नेणारी नळवाट, टाकी, कुंपण, ओढ्याच्या काठाचे संरक्षण आणि घळ बुजवून तीत गवताचा पाट, अशी साखळी आम्ही तिघांनी मिळून चालता चालता जुळवली. 'इक्विप'मध्ये या प्रत्येक कामाला स्वतंत्र दर आहे; पण ती एकमेकांवर अवलंबून आहेत हे कागदाला ठाऊक नसते, ते उतारावर उभे राहिल्यावरच कळते.

त्यानंतर खरी अडचण सुरू झाली, आणि ती पैशांची नव्हती. कराराच्या संपूर्ण मुदतीत जमीन अर्जदाराच्या ताब्यात राहील असा पुरावा लागतो. यांचा खंड तोंडी आणि वर्षाच्या बोलीचा. सरकारी दफ्तरात त्या जमिनीला जो शेत-क्रमांक होता तो आधीच्या कुळाच्या नावाशी बांधलेला. मालकीणबाई वृद्ध, परगावी मुलीकडे राहणाऱ्या. सरकारचा कागद म्हणजे जमिनीवर बोजा, अशी त्यांची भीती. ही भीती निराधार आहे असे मी त्यांना फोनवरून सांगू शकलो असतो, परंतु भीती सांगण्याने जात नाही. त्यांच्या मुलीने त्यांना एका रविवारी गाडीतून आणले, आणि ज्या उतारावर त्यांच्या पतीने आयुष्यभर गवत कापले होते तेथे उभे राहून त्यांनी ती घळ पाहिली. "हे आमच्या वेळी नव्हते," एवढेच त्या बोलल्या, आणि मग करारनाम्यातील प्रत्येक कलम त्यांनी मला वाचून दाखवायला लावले. अनुदानातून उभारलेले काम ठरलेल्या मुदतीपर्यंत सांभाळावे लागेल, ही अट ऐकल्यावर त्यांनी आपण होऊन खंडाची मुदत वाढवून ती लेखी करून दिली.

अर्ज त्या वर्षी मंजूर झाला नाही. वर्षभरात केव्हाही अर्ज घेतला जातो खरा, पण ठराविक तारखेपर्यंत आलेल्या अर्जांची पर्यावरणाच्या लाभानुसार क्रमवारी लागते आणि तरतूद संपते तेथे रेघ मारली जाते. यांचा क्रमांक रेघेच्या खाली राहिला. सर्वांत कठोर नियम यानंतरचा : करारावर दोन्ही सह्या होण्यापूर्वी काम सुरू केले तर त्या कामाचे अनुदान मिळत नाही. वसंतात बर्फ वितळून घळ आणखी सरकत असताना, घरात खांब व तार आणून ठेवलेली असताना, त्या दोघांना हात बांधून बसावे लागले, आणि दर आठवड्याला फोन करून "आणखी थोडे थांबा" असे सांगणे मला अत्यंत जड गेले. नियमामागील तर्क मला समजतो; सरकारचा पैसा जे अन्यथा झालेच असते त्यावर जाऊ नये. परंतु धूप आर्थिक वर्षाची वाट पाहत नाही, आणि हा नियम लिहिणाऱ्यांनी एकदा तरी मार्च महिन्यात अशा उतारावर यावे असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या वर्षी मंजुरी आली. आणखी एक गाठ उरली होती : अनुदान काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर मिळते, आणि ज्याच्याजवळ आरंभी लावायला पैसाच नाही त्याला मागाहून मिळणाऱ्या पैशाचा उपयोग काय? नवशिक्या शेतकऱ्यांना, म्हणजे ज्यांना शेती करू लागून दहा वर्षे झालेली नाहीत अशांना, तसेच अल्प साधनांच्या, माजी सैनिक व आजवर वगळल्या गेलेल्या समाजांतील शेतकऱ्यांना चढा दर आणि काही रक्कम आगाऊ देण्याची तरतूद त्या काळी होती. २०१४च्या कायद्याने ही आगाऊ रक्कम निम्म्यापर्यंत नेली. ही तरतूद अर्जावर लहानशी चौकट होऊन बसलेली असे, आणि जिला तिची सर्वांत अधिक गरज तीच व्यक्ती ती रिकामी सोडी. त्या चौकटीवर बोट ठेवणारे माणूस समोर असणे यात मला या नोकरीचे सारे सार्थक वाटे.

वगळले जाण्याची भावना काही कल्पित नाही. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना कृषिखात्याच्या कर्जांत भेदभावाची वागणूक मिळाल्याच्या दाव्यात १९९९ साली न्यायालयाने मोठी तडजोड मंजूर केली, हे सर्वश्रुत आहे. आणि आमच्या भागात, जेथे असे शेतकरी विरळ, तेथेही आग्नेय आशियातून आलेली, भाज्या पिकवणारी ह्मोंग कुटुंबे सरकारी इमारतीच्या पायरीशी घुटमळत ती भाषेमुळे, आणि मागच्या पिढीने युद्धात व निर्वासितांच्या छावण्यांत जे भोगले त्यामुळे. अशांना पत्रके वाटून काही साधत नाही. त्यांच्या बाजारात जावे, आपण होऊन बोलावे, पहिल्या भेटीत कागद काढू नये, एवढे मी शिकलो.

आमिश शेतकऱ्यांची गोष्ट निराळी. व्हर्नन काउंटीत व तिच्या सीमेवर त्यांची फार मोठी वसाहत आहे. घोड्यांनी शेती, घरात वीज नाही, आणि त्यांच्यातील बहुसंख्य सरकारकडून पैसा न घेण्याच्या धर्मनिष्ठ निश्चयाचे. अशा एका गृहस्थाचे पत्र आले, सुवाच्य अक्षरात लिहिले होते की कोठारामागच्या शेतातून पाणी वाट फोडीत आहे, आणि "पैसे नकोत, मोजमाप हवे." मी दुर्बिणीचे उपकरण घेऊन गेलो, त्यांचा मोठा मुलगा मोजपट्टी धरून उतारावर हिंडला, पाटाची रुंदी, खोली व ढाळ मी काढून दिला, कोणते गवत किती दाट पेरावे ते लिहून दिले. पुढच्या भेटीपर्यंत शेजाऱ्यांचे घोडे व हात एकत्र येऊन काम पुरे झाले होते, आणि उपकरण लावून तपासले तेव्हा ढाळ मी काढून दिलेल्या मापाशी तंतोतंत जुळला. अनुदानाचा रकाना कोरा ठेवून मी तो आराखडा दफ्तरी दाखल केला. सरकारी साहाय्य म्हणजे रोकड, हा समज सर्वत्र इतका रुजलेला आहे की, शासनाजवळ साठलेले ज्ञान हेही प्रत्येक नागरिकाच्या हक्काचे आहे याचा विसर पडतो. त्या गृहस्थांना तो पडला नव्हता.

२०१८च्या ऑगस्टमधील सत्तावीस-अठ्ठावीस तारखेच्या रात्री त्या डोंगरांवर जो पाऊस कोसळला, त्याने आमच्या कामाची सगळी मांडणी बदलून टाकली. १९५४च्या पाणलोट कायद्याखाली कून क्रीक व किकापू नदीच्या पश्चिम शाखेच्या खोऱ्यांत जे लहान मातीचे बंधारे बांधले होते, त्यांतले पाच त्या रात्री फुटले. सकाळी तळातील शेतांवर दगडगोटे, ओंडके आणि कोणाच्या तरी कुंपणाच्या तारांचे वेढे पसरले होते. आपत्तीच्या योजनेतून राडारोडा काढण्यास व कुंपणे उभारण्यास साहाय्य मिळते, पण त्यासाठी आधी अर्ज आणि पाहणी. आणि ज्याची गुरे रस्त्यावर आली आहेत त्याला "थांबा" म्हणणे कोणत्या तोंडाने जमावे? मी दारोदार हिंडून एवढेच सांगत होतो : फावडे उचलण्यापूर्वी छायाचित्रे काढा, तारीख लिहा, आणि आजच्या आज कचेरीत नाव नोंदवा.

पुढे तज्ज्ञांनी शोध घेतला तेव्हा असे दिसले की बंधारे जेथे डोंगराला टेकत तेथील भेगाळलेल्या वालुकाश्मातून पाण्याने वाट काढली होती. आणि दोन्ही खोऱ्यांतील उरलेले बंधारेही काढून टाकावेत असा निर्णय कालांतराने झाला. याचा अर्थ खाली राहणाऱ्यांना लवकरच उमगला : आता पाणी अडवायचे ते वर, उतारावरच. परंतु वर काय चालले होते? गवताचे पट्टे टिकून होते ते गाईंमुळे, कारण गवत खाणारे तोंड दावणीला होते. विस्कॉन्सिनमध्ये २००४च्या सुमारास दुभत्या गुरांचे कळप पंधरा हजारांहून अधिक होते, ते २०२२पर्यंत सात हजारांच्या खाली आले. गाई विकल्या गेल्या की गवताला गिऱ्हाईक उरत नाही. जमीन मका-सोयाबीनच्या मोठ्या खंडकऱ्याकडे जाते. आणि आजोबांनी करारावर सही करून आखलेले वक्र पट्टे रुंद पेरणीयंत्राला अडचणीचे होऊन पुसले जातात. कोणत्याही संधारण-योजनेने हा प्रवाह एकटीने थोपवला नाही, आणि तशी अपेक्षा तिच्याकडून करणेही न्याय्य नव्हे. दुधाचा भाव हा संधारणाचा विषय आहे असे मात्र आमच्या बैठकांत फार थोडे लोक बोलत.

माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत खालच्या खोऱ्यातील शेतकरी मला वरच्या शेजाऱ्याच्या जमिनीविषयी विचारू लागले. दुसऱ्याच्या जमिनीसाठी अर्ज करता येईल अशी योजना नाही. परंतु एका पाणलोटातील किमान पाच शेतकरी एकत्र आले तर त्यांना सामायिक कामासाठी अनुदान देणारी राज्याची एक योजना २०१६पासून सुरू झाली होती. एका ओढ्यावरचे चौघे तयार होते. पाचवा असावा तो माथ्यावरचा, ज्याने वडिलांचे पट्टे मोडले होते, आणि त्याच्याविषयी चौघांच्या मनात पुराचा राग होता. मी त्याच्याकडे एकटाच गेलो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "पट्टे मला वाईट वाटतात म्हणून मोडले नाहीत, पेरणी कंत्राटाने करून घेतो, आणि कंत्राटदाराचे यंत्र त्या वळणात मावत नाही. त्याला विचारा." तेव्हा आम्ही कंत्राटदारालाही रानात बोलावले. पट्ट्याची रुंदी यंत्राच्या रुंदीच्या पटीत धरली आणि वळणे थोडी सैल सोडली तर पेरणी विनाअडथळा होते; जुन्या पट्ट्यांत ते बसत नव्हते, कारण ते लहान यंत्रांच्या काळी आखलेले. दोन सर्वांत तीव्र उतारांवर नव्या मापाने पट्टे आखण्याचे ठरले, त्यातील गवत कोणाच्या गुरांना द्यावयाचे तेही चौघांपैकी एकाशी बोलून ठरले, आणि पाचवी सही झाल्यावर अर्ज मुदतीच्या आत रवाना झाला.